अठरा रुपयांची स्ट्रिप

माझ्या बायकोच्या निवृत्तीचं भाषण मी केलं. ती तिथेच होती. झोपलेली!

शोभा शाहपूरच्या मराठी शाळेत एकतीस वर्षं शिकवत होती. एवढ्या वर्षांत तिने स्टेजवर पोरं चढवली, स्वतः कधी माईक धरला नाही. या एका भाषणासाठी पंधरा दिवस ती कागद काळे करत होती. मला ओळसुद्धा दाखवली नाही. आणि नेमकी त्याच सकाळी सर्दी! नाक म्हणजे तापीचा पूर.

"अहो, शनवाऱ्यावरच्या मेडिकलमध्ये जा आणि गोळी आणा. झोप न येणारी हं! आज मला बोलायचंय."

मेडिकलवाल्याने स्ट्रिप पुढे केली. "काकाजी, ही घ्या. हिच्यानं झोप बिलकुल नाही येत."

"केवढ्याला?"

"एकशे ऐंशी."

"अरे, सर्दीची गोळी मागितली, सोन्याची नथ नाही!"

"मग ही अठराची आहे ना. पण हिच्यानं नींद येते, बरं का. एकच द्या."

आता तुम्हीच सांगा, एकशे ऐंशी कुठे आणि अठरा कुठे! (कचेरीत जन्मभर तीन कोटेशनं मागवून सगळ्यात कमीचं पास केलं. ती खोड रिटायर होत नाही.) मी अठराची घेतली आणि घरी येऊन बेधडक सांगितलं, "हीच ती." देव मला क्षमा करो.

अर्धा तास झाला तरी शिंका चालूच. म्हटलं, एवढी स्वस्त गोळी, एकीत असा दम तो किती असणार? दुसरी दिली!

बसमध्ये शोभाने हळूच माझ्या खांद्यावर डोकं टेकलं. लग्नानंतर चार महिन्यांत बंद पडलेला कार्यक्रम हा! मी पार विरघळलो. शाहपूर येईपर्यंत खांदा हलवला नाही.

स्टेजवर हार घातला तेव्हा तिचे डोळे अर्धे मिटले होते. हेडसर बोलायला लागले तेव्हा पूर्ण मिटले. "बघा, मॅडम किती भावुक झाल्या आहेत!" सर गहिवरून म्हणाले. पुढच्या रांगेतल्या बायांनी डोळ्यांना पदर लावले. तेवढ्यात भावुक मॅडम घोरल्या. माईक जवळच होता!

"आता मॅडम दोन शब्द बोलतील," सर घाईघाईने म्हणाले.

मी स्टेजवर धावलो. "अगं शोभा, ऊठ!"

"मधली सुट्टी झाली का?" एवढं पुटपुटून तिची मान पुन्हा कलली.

पंधरा दिवस जीव ओतून लिहिलेलं भाषण, आणि मी ते एकशे बासष्ट रुपयांसाठी घालवलं! निदान तिचे शब्द तरी लोकांपर्यंत पोचावेत म्हणून तिच्या पर्समधून कागद काढला आणि माईकसमोर उभा राहिलो.

सुरुवात झकास झाली. गळका वर्ग, दापोऱ्याहून सायकलवर येणाऱ्या मुली, बोर्ड पुसायला आपसांत भांडणारी पोरं. टाळ्या पडत होत्या. मलाही हुरूप आला. मग पानाच्या तळाशी पोचलो.

"'आता थोडं माझ्या यजमानांविषयी,'" मी खणखणीत आवाजात वाचलं. "'मी आजारी पडले की हे "कसं वाटतंय" असं विचारत नाहीत. "केवढ्याला पडेल?" असं विचारतात.'"

मंडपात हशा फुटला! थांबावं की नाही? पण तोंड सुरूच राहिलं. "'डॉक्टरकडे नेतात, पण आधी घरच्या काढ्याला तीन दिवसांची मुदत देतात...'"

त्या हशाने शोभाला जाग आली. माईकवर नवरा, नवऱ्याच्या हातात आपला कागद! ती डुलत डुलत पुढे आली.

"खरं सांगा, गोळी केवढ्याची होती?"

माईक चालूच होता.

"अठराची... म्हणजे अख्खी स्ट्रिप," मी म्हणालो.

लोक खुर्च्यांवरून घसरायचे बाकी राहिले. शोभाने माझ्या हातून कागद घेतला, उलटून पाहिला, नीट घडी घातली आणि माईक स्वतःकडे ओढला.

"मागच्या पानावर यांचं कौतुक लिहिलं होतं," ती म्हणाली. "ते आता राहू द्या."

काय टाळ्या पडल्या म्हणता! शिट्ट्यासुद्धा! आयुष्यात पहिल्यांदा माईक धरला आणि एका वाक्यात मैदान मारलं बाईने. मला मेल्याहून मेल्यासारखं झालं होतं, पण खोटं कशाला बोलू, ऊर भरूनही आला होता.

ते मागचं पान तिने कपाटात कुलपात ठेवलंय. मी विनवण्या केल्या, चहा करून दिला, काही उपयोग नाही. आता रोज संध्याकाळी शनवाऱ्यावर जातो. एकशे ऐंशीच्या चार स्ट्रिपा आणून तिच्यापुढे ठेवल्यात. घरात सर्दी कुणालाच नाही!