मिलच्या फाटकावरचं वाचन

इंग्रजी भाषेची इंग्रजांनीही केली नसेल एवढी सेवा आमच्या आत्याच्या यजमानांनी इंदुरात बसून केली, आणि त्याबद्दल त्यांना जोड्यानं मारावं असं एक दिवस मला अगदी मनापासून वाटलं होतं. हे काका कापड मिलमध्ये कारकून. मिलच्याच मांजरपाटात बांधलेली जाडजूड डिक्शनरी कायम काखेत. आमच्या स्नेहलतागंज मोहल्ल्यात कुणी सहज ‘सेट’ म्हणालं की हे त्याचे अर्थ सांगायला लागत. पोह्यांवरची शेव मऊ पडे, पण अर्थ संपत नसत. एका पहिलवानाला भर चौकात म्हणाले, "भिया, मसल म्हणजे लॅटिनमध्ये छोटा उंदीर. दंडात उंदीर फिरतोय असं वाटलं त्यांना!" पहिलवानानं त्यांना अलगद उचलून लांबच्या बाकावर नेऊन ठेवलं. हे तिथूनही बोलतच होते.

मिलमध्ये मात्र त्यांना मान. इंग्रजी नोटीस लागली की कामगार फाटकाशी थांबत, त्यांत आमचे बाबाही. काका स्टुलावर चढत. आधी शब्दाचं मूळ, मग अर्थ. नावं असली तर प्रत्येक नावाला ‘जी’ लावून वाचत. साहेब ज्यांना अरे-तुरे करत, त्यांनाही.

मग ती नोटीस लागली. मेल्यांनी मराठीत नाही, हिंदीत नाही, इंग्रजीत लावली! ज्यांच्या पोटावर पाय, त्यांनाच कळू नये. आणि आमचे काका? "रिडंडंट," ते स्टुलावरून म्हणाले, "मूळ लॅटिन. लाट काठाबाहेर ओसंडते ना, ते. मग अर्थ झाला जास्तीचं, गरजेपेक्षा..."

"दाजी, लॅटिन गेलं खड्ड्यात!" बाबा खालून ओरडले. "नौकरी राहिली की गेली?"

"गेली," काका म्हणाले आणि नावं वाचू लागले. बाबांचंही वाचलं, ‘जी’ लावून. स्वतःचं काही वाचलं नाही.

"त्यांचं नाव नाही ना, म्हणून ज्ञान सुचतंय!" बाबा घरी येऊन म्हणाले. माझं तर डोकंच फिरलं. सकाळी तो कागद टराटरा फाडायलाच गेलो. यादीत पहिलंच नाव काकांचं होतं.

तसाच त्यांच्या घरी गेलो. ते डिक्शनरीला ऊन दाखवत बसले होते. "स्वतःचं नाव का नाही वाचलंत?" मी जवळजवळ ओरडलोच.

"अरे, सगळ्यांना ‘जी’ लावलं," काका ओशाळून म्हणाले. "स्वतःला कसं लावणार? आणि बिना ‘जी’चं वाचवेना रे."

बाबांना हे सांगितलं. त्यांनी चपला घातल्या. काकांच्या दारात उभं राहून त्यांनी दाजींचं पूर्ण नाव घेतलं, यादीतल्यासारखं, आणि शेवटी ‘जी’ लावलं. आतून काका म्हणाले, "हजर आहे."