अहवालातली कोरी ओळ

कोमल गेल्याचा फोन आला तेव्हा मी कुणाच्या तरी हृदयाचा 'नॉर्मल' अहवाल टाइप करत होते. सात वर्षं शहरातल्या एका तपासणी केंद्रात मी हेच करते. डॉक्टरसाहेब इको, म्हणजे हृदयाची सोनोग्राफी, करतात, मी शेजारी बसून टाइप करते. फोनवर तिच्याबरोबर पळणारी मुलगी रडत होती, "मावशी, कोमल पडली... उठंनाच झाली." बावीस वर्षांची माझी भाची, आठशे मीटरच्या शेवटच्या वळणावर.

पोलीस भरतीसाठी ती लासूर स्टेशनहून माझ्याकडं राहायला आली होती. पहाटे भिजवलेले हरभरे मूठभर तोंडात टाकायची आणि मलाही ओढून मैदानावर न्यायची. माझी चाल बघून म्हणायची, "मावशे, तू चोर पकडाय गेलीस तर चोरच थांबून तुला पाणी पाजील." आणि पोट धरून हसायची. तीन महिन्यांपूर्वी मात्र म्हणाली, "पळताना छातीत कळ येती गं. परवा डोळ्यापुढं अंधारीच आली."

मी तिला आमच्याच केंद्रात नेलं. केवढा तोरा माझा! बाहेर गर्दी होती. साहेबांना म्हटलं, "घरचीच पोरगी आहे, पळताना अंधारी येते म्हणते. मधेच घ्या, तिला गावाकडची बस गाठायचीय." ओळखीचं माणूस आपल्याकडं रांगेत थांबत नाही... आणि मग त्याची तपासणीही उभ्याउभ्या होते. कुशीवर झोपताना अंबाडा टोचायला लागला, म्हणून तिनं केसांचं लाल रबर काढून माझ्या मनगटात अडकवलं. साहेबांनी इकोचा प्रोब छातीवर फिरवला, झडपा बघितल्या, "उपाशी पळत जाऊ नको" म्हणाले आणि उठले. मी संगणकावर अहवालाचा नमुना उघडला. तो आधीच भरलेला असायचा, नाव आणि वय बदललं की झालं. त्यात एक ओळ होती : 'हृदयाला रक्त पुरवणाऱ्या धमन्यांचा उगम : नॉर्मल.' ती मीच छापली. साहेबांनी न वाचता सही केली.

शवविच्छेदनात कळलं. डावी धमनी जन्मापासून चुकीच्या बाजूनं निघून दोन मोठ्या रक्तवाहिन्यांच्या मधून गेली होती. पळताना तीच आवळली जायची. सरकारी दवाखान्यातल्या डॉक्टरबाईंनी मला समजावलं, "इकोत या धमन्यांची मुळं बघायची असतात. प्रत्येकाची दिसत नाहीत. पण पळताना चक्कर येत असेल तर शोधायचीच, आणि नाहीच दिसली तर सीटी स्कॅन करायचा."

दहाव्याला साहेब घरी आले. म्हणाले, "ताई, नशिबापुढं कुणाचं चालतं?" मी पाणीही विचारलं नाही. नशिबाला कशाला मधे घेता? प्रोब तुमच्या हातात होता आणि कीबोर्ड माझ्या. नातेवाईक म्हणतात, माफ कर. मी करणार नाही. तक्रार दिली आहे, आणि ती ओळ मीच छापली हेही त्यात लिहिलं आहे. बुडायचं तर दोघंही बुडू. नोकरी मात्र सोडली नाही. बहीण म्हणाली, "कशाला जातीस त्या मेल्याच्या दारात?" त्याच दारात मला बसायचंय म्हणून जाते.

कामावर परतले त्या दिवशी नमुन्यातली ती ओळ कोरी केली. आता प्रत्येक तपासणीला मी कीबोर्डवरून हात उचलते आणि पेशंटदेखत विचारते, "साहेब, धमन्यांची मुळं दिसली का?" पहिल्यांदा ते खेकसले, "तुम्ही टाइप करा हो!" मी म्हटलं, "काय टाइप करू?" पेशंट मान वर करून बघायला लागला. साहेब पुन्हा खाली बसले. मला काढतही नाहीत. काढलं तर कारण सांगावं लागेल.

परवा दौलताबादची कबड्डी खेळणारी एक मुलगी आली. साहेबांनी बराच वेळ शोधलं, कपाळावर घाम आला. शेवटी म्हणाले, "डावीचं मूळ दिसत नाही. सीटीला पाठवू." तिचं काय निघालं ते अजून कळलेलं नाही. मला समाधान वाटलं असेल असं कुणाला वाटेल. नाही वाटलं. एवढा वेळ कोमलसाठी का नव्हता, हेच डोक्यात घणघणत राहिलं. मी ओळ भरली : 'दिसला नाही.' मग बाही वर सरकवली. तिचं लाल रबर अजून माझ्या मनगटात आहे. साहेबांना ते दिसावं म्हणून मी रोज बाही वर सरकवते... आणि त्यांनी नजर फिरवली, की पुढच्या पेशंटला आत बोलावते.