अप्पांचं अमेरिकेचं घड्याळ

आमच्या मुरुमच्या कंप्युटर सेंटरात दोन नियम आहेत. चालत्या मशीनला अपडेट करायचं नाही, आणि ताईचं नाव काढायचं नाही. दोन्ही अप्पांचे, म्हणजे माझ्या वडिलांचे. कॉलेज संपवून मी सेंटरात बसायला लागले तेव्हा पहिल्याच दिवशी विचारलं, "का?" अप्पा म्हणाले, "का म्हणून विचारायचं न्हाय." असा तिसरा नियम झाला. जिथं इतके नियम, तिथं किस्से साठायला कितीसा वेळ लागतो?

*

पहिल्या नियमाचं मूळ असं. ऐन परीक्षेच्या फॉर्मांच्या दिवसांत एका मशीननं आपणहून अपडेट सुरू केलं. पडद्यावर 'बंद करू नका' अशी पाटी आणि पोरांची रांग जिन्यापर्यंत. तीन तास! शेवटी रांगेतल्या एक बाई म्हणाल्या, "अप्पा, मशीन बाळंत व्हायलंय का?" त्या दिवसापासून अप्पांनी अपडेटशी वैर धरलं.

दुसऱ्या नियमाचं मूळ सगळ्या गावाला ठाऊक आहे. ताईनं स्वतःच्या मर्जीनं लग्न केलं आणि अमेरिकेला गेली. त्याला नऊ वर्षं झाली.

*

दर रविवारी सोनवणे गुरुजी आमच्या कोपऱ्यातल्या मशीनवरून अमेरिकेतल्या मुलांना मराठी शिकवतात. शिकवणी तिकडच्या सकाळी नऊला, तेव्हा आपल्याकडं रात्र. त्यासाठी अप्पांनी त्या मशीनवर दुसरं घड्याळ लावून घेतलं, अमेरिकेचं. सेंटरात सहा मशीन आहेत. अप्पा स्वतः फडकं मारतात ते या एकाच मशीनवर.

शिकवणीला मिनी असते, ताईची मुलगी. मिनीचं नाव काढू नये असा नियम नाही. शिकवणी सुरू झाली की अप्पा मॉनिटरच्या मागं स्टूल टाकून बसतात. कॅमेऱ्यात ते दिसत नाहीत, त्यांना मिनी दिसत नाही. नुसता आवाज.

एकदा मिनीनं महिनाभर छळणारा धडा न अडखळता वाचला आणि मागून आलं, "शाब्बास!"

"गुरुजी, कोण बोललं?"

गुरुजींनी चष्मा पुसला. "मशीन जुनं हाय, बाळा. बोलतंय मधनंमधनं."

पुढच्या रविवारपासून मिनी उठताना म्हणायला लागली, "बाय गुरुजी. बाय मशीन."

*

गेल्या वर्षी मार्चमध्ये गुरुजी इस्त्रीचा सदरा घालून नेहमीसारखे साडेआठला आले, तर पडद्यावर कोणीच नाही. पुढच्या रविवारी तेच. तिसऱ्या रविवारी गुरुजी म्हणाले, "अख्ख्या अमेरिकेला सुतक हाय का काय?" अप्पा स्टुलावरच होते. कोणी येत नाही हे कळल्यावरही अर्धा तास बसून राहिले.

ताईशी मी चोरून बोलते. तिनं सांगितलं, तिकडं मार्चमध्ये घड्याळं तासभर पुढं करतात आणि नोव्हेंबरमध्ये मागं घेतात. पूर्वी पुढं करायचं ते एप्रिलमध्ये व्हायचं. तारखा बदलून कैक वर्षं झाली, पण आमच्या मशीनला नव्या तारखा कोण सांगणार? अपडेट बंद. शिकवणी आता आपल्या साडेसातलाच होती. आम्ही यायच्या आत मिनी वाट बघून उठलेली असायची.

मी दोघांना समजावलं. अप्पा म्हणाले, "उगं कायबी. सरकार म्हणलं म्हणून सकाळ तासभर आधी व्हती व्हय?"

गुरुजींची शंका वेगळी होती. "नेलेला तास परत देतेत का ते?"

"देतात. नोव्हेंबरमध्ये."

"लई चांगली माणसं," गुरुजी म्हणाले. अप्पांनी पेपर उघडला.

एप्रिल लागला. मशीननं जुन्या तारखेला घड्याळ पुढं केलं आणि मुलं पुन्हा दिसू लागली. अप्पा मला म्हणाले, "बघ. हात न लावता सुधारलं."

*

यंदा मार्चच्या पहिल्या रविवारी मिनीनं जाहीर केलं, "पुढच्या वेळी मी 'माझे आजोबा' वाचणार. मी त्यांना पाहिलं नाहीये. आईला विचारून विचारून लिहिलंय."

शिकवणी संपली तरी अप्पा स्टुलावरून उठले नाहीत.

पुढचा रविवार नेमका घड्याळं बदलायचा. दुपारी चारला गुरुजी चहाला आले होते, मशीनसमोरच्या त्यांच्या खुर्चीत बसले होते. मी उभ्याउभ्याच पेन ड्राइव्ह लावला. त्यात अपडेट होतं.

"हात काढ," अप्पा म्हणाले. "आजच बंद पडलं म्हंजी?"

"आज साडेआठला तुम्ही इथं बसाल, आणि ती साडेसातलाच येऊन, वाट बघून उठून गेलेली असेल. ते चालतंय?"

"पोरी, मोठ्यांचं ऐकावं," गुरुजी म्हणाले.

"नऊ वर्षं ऐकलं, गुरुजी. आता नाही ऐकणार. मशीन अपडेट होणार. आणि आत्ता तुमच्यासमोर ताईला फोन करणार, की आम्ही साडेसातला येतोय. ताईला, अप्पा."

मी बटण दाबलं. 'बंद करू नका' अशी पाटी आली. थोड्या वेळानं पाटी गेली, आणि कोपऱ्यात अमेरिकेचे साडेचार एकदम साडेपाच झाले.

मी ताईला फोन लावला. गुरुजी खुर्चीतून उठले, खुर्ची अप्पांकडं सरकवली, मॉनिटरच्या मागं गेले आणि स्टुलावर बसले.