दुसऱ्याच्या अंगणातलं लाकूड

हुबळीला थंडी नसते, असं पुण्याकडचे पाहुणे ठासून सांगतात. ते मे महिन्यात येतात. श्रावणात आठ-आठ दिवस झिमझिम लागून राहते, भिंती ओल धरतात, वाळत घातलेला सदरा तिसऱ्या दिवशीही गार लागतो, तेव्हा हे पाहुणे पुण्यात असतात. केशवापूरच्या पलीकडे आमची एक खोली होती. खोलीपुढे पत्र्याची पडवी आणि पडवीच्या कोपऱ्यात आंघोळीच्या पाण्याची चूल. पावसाळ्यात आणि पुढे पौषात ही चूल पहाटेपासून पेटलेली असे. तिच्यावर पाणी तापे, तिच्या धगीवर कपडे वाळत, आणि आईचे आखडलेले गुडघे दहा वाजेपर्यंत जरा सैल होत. त्यामुळे जळण हा आमच्या घरात ज्वारीइतकाच गंभीर विषय होता.

हा विषय अप्पांचा, म्हणजे माझ्या वडिलांचा. ते गिरणीच्या गोदामात हमाली करत. सहा दिवस लोकांची पोती उचलायची आणि सातव्या दिवशी घरचं जळण बघायचं, असा त्यांचा आठवडा होता. नवनगर तेव्हा वसायचं होतं. धारवाडच्या वाटेवरच्या त्या माळावर बाभळी होत्या, त्यांची वाळकी फाटी आम्ही सायकलवर बांधून आणायचो. जाड लाकूड वखारीतून यायचं. तिथं गाठाळ, पिळवटलेले ओंडके मागं पडायचे. ते फोडायला कुणी धजत नसे, म्हणून ते स्वस्त असत. वखारवाला लांबूनच “बर्री अण्णा” म्हणून अप्पांना बोलवायचा आणि सगळ्यात वाईट ओंडका पायानं दाखवायचा. अप्पांचा चेहरा असा खुलायचा की जणू जावईबापूंनाच पाट मांडला.

ओंडका आणला की ते त्याला हात लावत नसत. महिनाभर तो अंगणात पडून राहायचा. उन्हानं त्याच्या तोंडाला चिरा पडल्या की अप्पा उकिडवे बसून त्या चिरा बघत, कधी कधी अर्धा तास. मग एका चिरेत पाचर ठेवायची, दोन घाव घालायचे आणि थांबायचं. लाकूड करकरलं की तिसरा घाव. गाठीवर कधी मारायचं नाही, गाठीच्या कडेनं जायचं. मी घाई केली की ते म्हणत, “आधी बघ की रे. लाकूड कुठं पळून चाललंय?” फोडलेली फाटी भिंतीपासून वीतभर लांब, साल वर करून, मध्ये बोट जाईल एवढी फट ठेवून रचायची, आणि हे सगळं मृगाच्या आत. पाऊस आला आणि रचाई अर्धी राहिली, तर त्या दिवशी घरात कुणी कुणाशी बोलत नसे.

अप्पांचा एक नेम होता. दुसऱ्याचं लाकूड फोडायचं नाही. नेमाचं कारण त्यांनी मला एकदाच सांगितलं, तेही तुटक. बेळगावकडच्या आमच्या गावात कुणाचंही लग्न निघालं की लग्नघरची लाकडं फोडणं आमच्या वस्तीकडे असायचं. सांगावा यायचा आणि जावं लागायचं. त्याबद्दल पंगती उठल्यावर उरलेलं अन्न मिळायचं, मांडवाबाहेर. छप्पन्न साली आम्ही बौद्ध झालो. त्याच वर्षी अप्पा आईला आणि कडेवरच्या मला घेऊन हुबळीला आले. येताना दोन भांडी, एक घोंगडी आणि कुऱ्हाड आणली. कुऱ्हाड आता फक्त आपल्या चुलीसाठी, असं त्यांनी ठरवलं होतं.

शेजारी एक कानडी म्हातारी अक्का राहायच्या, एकट्या. त्यांचं जोंधळ्याचं पोतं अप्पा बाजारातून डोक्यावर आणून द्यायचे, पाण्याच्या घागरी भरायचे. पण लाकडं फोडून देत नसत. स्वतःची फोडलेली चार फाटी त्यांच्या दारात ठेवून यायचे. आई म्हणायची, “पोतं चालतं, पाणी चालतं, अक्काचं लाकूड तेवढं चालत नाही. काय पण सोवळं!” अप्पा यावर हसत, पण नेम काही मोडत नसत.

हा नेम मी मोडला.

मला धारवाडला एका कचेरीत कारकुनाची नोकरी लागली होती. आमच्या घरात लेखणीवर पोट भरणारा मी पहिला. नोकरी तात्पुरती होती. कायम करायचं की नाही, ते माझ्या साहेबांच्या शेऱ्यावर ठरणार होतं आणि त्याला दोन-तीन महिनेच उरले होते. साहेब वाईट नव्हते. हे आधीच सांगून ठेवतो, कारण पुढे ते विसरायला होतं. माझ्या मसुद्यातल्या चुका ते मला एकट्याला बोलावून दाखवायचे, चारचौघांत नाही. एके दिवशी असंच चुका दाखवून झाल्यावर म्हणाले, “अहो, वाऱ्यानं आमच्या चिंचेची मोठी फांदी पडलीय. फोडायला माणूस मिळत नाही. एखाद्या रविवारी येता का? तुम्हा लोकांना त्यातलं बरं कळतं.” कुठले लोक, ते मी विचारलं नाही. हुबळीचे असतील, असं मनाशी म्हणालो. त्यांचं बोलणं संपायच्या आतच माझ्या तोंडून “हो साहेब” गेलं होतं.

रविवारी कचेरीत जादा काम आहे असं घरी सांगितलं. अप्पा माळावर गेल्यावर कुऱ्हाड पोत्यात गुंडाळली आणि धारवाडची बस धरली.

चिंच फोडणं म्हणजे खायचं काम नाही. तिचे धागे एकमेकांत असे गुंतलेले असतात की घाव घालावा आणि कुऱ्हाड आतच अडकून बसावी. मी अप्पांसारखा बसून आधी चिरा बघितल्या. पाचर लावली. दोन घाव, थांबणं, तिसरा घाव. मला तेव्हा लाज वाटायला हवी होती. वाटला अभिमान. साहेब व्हरांड्यात पेपर वाचत होते, मधूनच मान वर करून “वा!” म्हणत होते, आणि प्रत्येक “वा!”ला माझा घाव जरा जास्तच जोरात पडत होता. चहा आला. कप त्यांच्यासारखाच होता, मी नीट बघितलं. दुपारपर्यंत अर्धी फांदी झाली. उरलेली पुढच्या रविवारी करू असं ठरलं. निघताना साहेबांच्या पत्नींनी कागदात पुरणपोळ्या बांधून दिल्या. “काल कार्य होतं घरी, बऱ्याच उरल्यात.” त्या पोळ्या मी धारवाडच्या बसस्टँडवर उभ्यानं खाल्ल्या. भूक लागली होती. चांगल्या झाल्या होत्या.

घरी येऊन मी कुऱ्हाड पुसली. पात्याला चिंचेचा काळपट डाग होता, तो राखेनं घासला आणि वर तेलाचं बोट फिरवून कुऱ्हाड जागेवर ठेवली. चोराच्या मनात चांदणं म्हणतात तसं. जन्मात कधी मी कुऱ्हाडीला तेल लावलं नव्हतं. संध्याकाळी अप्पांनी ती हातात घेतली, पात्यावर अंगठा फिरवला आणि अंगठ्याकडे बघत राहिले.

“तेल कोण लावलं?”

“मी.”

“कवापासून लावायला लागलास?”

मी सगळं सांगून टाकलं. पोळ्यांचंही. अप्पांचा राग गल्लीला माहीत होता. साधा तांब्या हरवला तरी चार घरं जागी व्हायची. त्या दिवशी त्यांचा आवाज चढला नाही.

“सगळं झालं काय फोडून?”

“अर्धं राहिलंय. पुढच्या रविवारी बोलावलंय.”

“मग जा की. कुऱ्हाड इथंच आहे. नोकरी तुझी, तू बघ.”

त्यापेक्षा दोन थोबाडीत मारल्या असत्या तर मी सुटलो असतो. आठवडाभर ते माझ्याशी जेवढ्यास तेवढं बोलले. आईनं मला पडवीत गाठून सांगितलं, “एक रविवार जा, गुमान उरलेलं फोडून ये. एकदा कायम झालास की कुणाच्या दारात जायला नको. हातातोंडाशी आलेला घास घालवू नको.” तिचं खोटं नव्हतं. मला झोपेत साहेबांचा शेरा दिसायचा. पगार बंद झाला की काय काय बंद होईल, ते मी मनात ओळीनं लावून बघायचो. आणि तिकडे अप्पा अंगणात माझ्याकडे पाठ करून बसलेले असायचे.

रविवारी मी मोकळ्या हातांनी बसमध्ये बसलो. काय बोलायचं ते हुबळी ते धारवाड पाठ केलं होतं. साहेब फाटकाशी आले आणि माझ्या हातांकडे बघून हसले.

“काय हो, कुऱ्हाड विसरलात?”

“नाही साहेब. मी लाकडं फोडणार नाही. कचेरीचं काम असेल तर सांगा, रविवारीसुद्धा येईन.”

पाठ केलेल्यातलं एवढंच बाहेर आलं. साहेब क्षणभर गोंधळले. मग म्हणाले, “अहो, त्यात काय एवढं? तेव्हाच नाही का सांगायचं! मला वाटलं, तुम्हाला हौस आहे. चहा घेऊन जा.” एवढंच. पुढे यथाकाळ मला कायम केल्याचा हुकूमही आला, बाकीच्यांबरोबरच. शेरा चांगला होता. त्या दिवशी अर्थात हे मला माहीत नव्हतं, तरी परतीच्या बसमध्ये मी इतका हलका झालो होतो की शेजारच्या अनोळखी माणसाशी कानडीत हवापाण्याच्या गप्पा मारत आलो.

घरी आलो तर अप्पा अंगणात फाटी रचत होते. मी उभ्या उभ्याच सांगितलं. साहेब काय म्हणाले, मी काय म्हणालो, सगळं. आणि वर म्हणालो, “काहीच झालं नाही, अप्पा. इतकं सोपं असेल असं वाटलं नव्हतं.”

त्यांनी हातातलं फाटं खाली ठेवलं.

“सोपं होतं म्हणतोस?” ते म्हणाले. “माझा बाप म्हातारा होऊन मेला. त्याला एकदा बी ‘नाही’ म्हणता आलं नाही.”

माझा सगळा हलकेपणा गेला. मी चपला काढल्या आणि त्यांच्या शेजारी बसून एकेक फाटं त्यांच्या हातात देऊ लागलो.