ड्रॉइंगला न जुळणारी बोट

मला पोहता येत नाही. जयगडच्या फेरीबोटीतही मी डोळे मिटून बसते. पण दुसऱ्या महायुद्धातल्या अमेरिकन लाकडी टॉर्पेडो बोटीच्या डेकवर कुठे काय असतं, ते मला झोपेतून उठवून विचारा. सुकाणूच्या उजव्या अंगाला मशीनगनचा गोल कठडा, तसाच दुसरा मागे, पण डावीकडे. मधे आडवी पाडता येणारी डोलकाठी. इंजिनखोलीच्या झाकणापाशी हवा आत घेणारे भोंगे. पार मागच्या टोकाला धुराचा पडदा सोडणारं पिंप. ही विद्या मी हौसेने मिळवलेली नाही. ती बोट तीन वर्षं माझ्या जेवणाच्या टेबलावर होती, म्हणून ती डोक्यात गेली आणि डोक्यातच बसली.

आम्ही ओमानमधल्या सोहारला राहायचो. नवरा तिथल्या औद्योगिक वसाहतीत एका कारखान्यात क्वालिटी इन्स्पेक्टर. मूलबाळ नाही. रत्नागिरीला माझी आई एकटी, आणि मी तिची एकुलती एक. एकदा तिने गॅसवर दूध ठेवलं आणि ती देवळात निघून गेली. शेजाऱ्यांनी धूर बघून दार उघडलं. मला फोन आला. त्याच संध्याकाळी मी ह्यांना म्हटलं, "आता पुरे झालं. परत जाऊया."

हे लगेच हो म्हणाले. तोच मला मोठा दिलासा वाटला. "एवढी बोट पूर्ण करतो आणि राजीनामा देतो. खलास." घरी जोडायच्या त्या मॉडेल-बोटीचं खोकं नुकतंच परदेशातून आलं होतं. टेबलावर लाकडाच्या पट्ट्या मांडलेल्या होत्या. म्हटलं, किती दिवस लागणार? फार तर सहा महिने.

आईला फोनवर विचारलं, मी एकटी पुढे येऊ का? ती म्हणाली, "नवऱ्याला एकटं टाकून येऊ नकोस गो. लोक काय म्हणतील? या दोघं सावकाशीने."

ह्यांच्या हातात कसब आहे, ते नाकारून चालणार नाही. खऱ्या बोटीचं अंग पातळ फळ्यांच्या दोन थरांचं असायचं, एक थर एका बाजूला तिरका, दुसरा उलट, आणि मधे डिंक पाजलेलं कापड. ह्यांनी हातभर लांबीच्या बोटीत ते सगळं तसंच केलं. मीही चिमट्याने बारीक कड्या धरून दिल्या, आल्यागेल्याला कौतुकाने बोट दाखवली. टेबल अडलेलं, म्हणून आम्ही जमिनीवर जेवायला बसू लागलो. त्याचंही मला काही वाटलं नाही.

वर्षभराने दोन्ही कडांना दोन-दोन टॉर्पेडोच्या नळ्या बसल्या, रंग वाळला. मी कपाटावरच्या बॅगा खाली काढून पुसून घेतल्या. आणि ह्यांना इंटरनेटवर एक जुना फोटो सापडला.

"चुकलंय," हे म्हणाले. "आपण करतोय त्या सालच्या बोटीवर नळ्या नव्हत्या. वजन फार व्हायचं म्हणून काढल्या होत्या. नुसत्या चौकटी होत्या. पट्टा सोडला की टॉर्पेडो घरंगळत पाण्यात."

"मग काय बिघडलं? कोण बघतंय?"

"ड्रॉइंगला जुळत नाही ते मी पास करत नाही."

चारही नळ्या सुरीने उचकटून काढल्या. बॅगा परत वर गेल्या. सुट्टीचा विषय काढला की हे म्हणायचे, आता कायमचंच जायचंय, मधे तिकिटाला पैसे कशाला?

मग नकटीच्या लग्नाला सतराशे विघ्नं सुरू झाली. पुढची तोफ दुसऱ्या जातीची निघाली. जीवरक्षक तराफा कुठे बांधायचा, यावर हे कुठल्या कुठल्या म्हाताऱ्या गोऱ्यांशी रात्री पानंच्या पानं लिहून वाद घालायचे. माझ्याशी मात्र "मीठ दे" याच्यापुढे बोलणं जायचं नाही. तेलाचे भाव पडले, ओळखीतली निम्मी माणसं हिशेब घेऊन घरी गेली. हे टिकले. मला त्याचाही राग आला, आणि राग आल्याची लाजही वाटली.

सोहारजवळच्या खाबुरा गावाच्या बाजारात रत्नागिरीकडच्या एका मुसलमान गृहस्थांचं दुकान होतं. गावी जाताना ते आईसाठी माझं सामान घेऊन जायचे. तिसऱ्या वर्षी एका खेपेहून परत आल्यावर त्यांनी मला खुर्ची दिली, आणि मला कळून चुकलं की काहीतरी आहे. "वहिनी," ते म्हणाले, "आईनं मला तीनदा चहा दिलान. तिन्ही वेळा पहिलाच म्हणून दिलान. यंदा जाऊन या, इन्शाल्ला."

दुसऱ्या दिवशी हे कामावर गेल्यावर मी ह्यांनी छापून ठेवलेले सगळे कागद घेऊन बसले. इंग्रजी माझं बेताचं, पण जिवाला लागलं की सगळं वाचता येतं. त्यात साफ लिहिलं होतं की या बोटींवरची पोरं ड्रॉइंगची वाट बघत बसलीच नाहीत. पडलेल्या विमानातली तोफ काढायची आणि आपल्या डेकवर ठोकायची. जे नको ते उचकटून टाकायचं. एकाच कारखान्यातून निघालेल्या दोन बोटी महिन्याभरात एकमेकींना ओळखू आल्या नसत्या.

संध्याकाळी ताटं वाढली आणि विचारलं, "तुमची बोट नक्की कुठल्या ड्रॉइंगला जुळवताय?"

ह्यांनी भातावर आमटी ओतून घेतली.

"पक्कं ड्रॉइंग नाहीच आहे. तुम्हाला ते पहिल्या वर्षीच माहीत होतं."

ह्यांनी भात कालवला. मग म्हणाले, "मला नाही जायचं. इथे माझ्या सहीशिवाय माल हलत नाही. तिथे तुझ्या आईच्या घरात मी कोण? घरजावई. सकाळी पंप चालू करायचा आणि दूध आणायचं."

"हे तोंडाने सांगायला तीन वर्षं?"

"तुला वाईट वाटलं असतं."

माझ्या मनात आलं, ताट भिरकावून द्यावं. वाईट वाटलं असतं, हो. एक रात्र रडले असते आणि सकाळी आईचं न ऐकता तिकीट काढलं असतं. हा माणूस नुसता नाही म्हणाला असता तर मी त्याला माफ केलं असतं. त्याने हो म्हटलं आणि मला त्या होकाराला बांधून ठेवलं.

मी आठवड्याच्या आत निघाले, एकटीच. विमानतळावर हे म्हणाले, पोचल्यावर फोन कर. मी मान डोलावली आणि केला नाही.

घरी पोचले तर आई ओटीवर बसली होती. दोन मोठ्या बॅगा बघून ती अदबीने उठली. "या, बसा. लांबून आलात वाटतं?" जन्मात पहिल्यांदा आईने मला अहो-जाहो केलं. चहा केला, चांगला केला. घरी कोण कोण असतं, विचारलं. मी सांगत राहिले आणि ती परक्याचं ऐकावं तशी मान हलवत राहिली. दिवस कलला तशी ती अस्वस्थ झाली. आतून एक नारळ आणून माझ्या हातात दिला. "रिकाम्या हाताने जाऊ नये. निघा आता, अंधार पडेल. घरची माणसं वाट बघत असतील."

काय करणार? नारळ घेतला, नमस्कार केला, पायऱ्या उतरले. घराला वळसा घातला आणि मागच्या दाराने स्वयंपाकघरात येऊन कुकर लावला. आता रोज संध्याकाळी हेच चालतं. ती मला पुढच्या दाराने निरोप देते, मी मागच्या दाराने आत येते, आणि रात्री जेवताना ती मला नव्याने नाव विचारते. तीन वर्षं आधी आले असते तर तिने मला उंबऱ्यावर थांबवून माझ्यावरून भाकरतुकडा ओवाळून टाकला असता.