हवालदारांची शिट्टी

हवालदार गेले आणि माजी सैनिकांच्या संघटनेने शोकसभा ठेवली. खुद्द हवालदारांनाही ठाऊक नसलेले त्यांचे पराक्रम तिथे लोकांना कळले. अध्यक्षांनी तर त्यांना थेट आघाडीवर नेऊन उभं केलं. नवऱ्याची सारी नोकरी ब्लँकेटांच्या गोदामात गेली आणि त्यांनी हातघाईची लढाई केली ती फक्त लोकर कुरतडणाऱ्या कसरीशी, हे पहिल्या रांगेतल्या हवालदारीणबाईंना माहीत होतं. पण मेलेल्या माणसाची बढती कोण अडवणार?

मग गोदामातल्याच एका जुन्या सोबत्याने मानवंदना म्हणून खिशातली शिट्टी फुंकली. त्यासरशी दोन्ही मुलगे, सुना आणि मुलगी ताडकन उठले, उंचीप्रमाणे ओळीत लागले आणि दोन्ही हात पुढे करून उभे राहिले. थोरला बँकेत मॅनेजर. तोही नखं दाखवत उभा. लोकांना वाटलं, काय हा पितृशोक! कित्येकांनी डोळे पुसले.

शोक कसला डोंबलाचा! निवृत्तीनंतर हवालदारांनी घराचंच गोदाम केलं होतं. रोज सकाळी शिट्टी झाली की नखांची तपासणी, मग चादरींच्या घड्यांची. सुनाही महिन्याभरात तयार झाल्या. बाईंनी बहिणीकडे जायचं नाव काढलं की उत्तर ठरलेलं, ‘सध्या माणसं कमी आहेत.’ हवालदारांनी बायकोला एक दिवस नजरेआड होऊ दिलं नाही, असं अध्यक्ष गहिवरून म्हणाले. सबंध भाषणात तेवढंच काय ते खरं होतं.

आणि तरीही बाईंचा त्यांच्यावर जीव होता. टायफॉइडमध्ये याच माणसाने रोज त्यांचे केस विंचरले होते. वेणी इतकी आवळायचे की तापापेक्षा तिनेच डोकं दुखायचं, पण एक दिवस चुकवला नाही.

शिट्टीसरशी बाईही उठल्या होत्या. पुढे केलेले आपलेच सुरकुतलेले हात त्यांना दिसले आणि तळपायाची आग मस्तकात गेली. तेवढ्यात थोरल्याने जाहीर केलं, की बाबांची शिस्त आता आई पुढे चालवेल. आईला विचारायची पद्धत त्या घरात नव्हतीच. बहीण अंथरुणाला खिळलेली. आज तोंड उघडलं नाही तर तिची भेट व्हायची नाही, हे बाईंना लख्ख कळलं.

त्यांनी हात खाली घेतले.

“मी उद्या ताईकडे जातेय,” त्या म्हणाल्या. “परत कधी येणार ते विचारू नका.”

थोरला गडबडला. “अगं आई, पण घराचं काय?”

“आत्ता बघितलं ना, शिट्टीवर किती छान उभे राहता तुम्ही. मग घर चालवायला कितीसं लागतंय?”

सभेत खसखस पिकली. मुलीने हळूच विचारलं, “आणि बाबांची आठवण आली तर?”

“येणारच,” बाई म्हणाल्या. “तिकडे येऊ दे. इतकी वर्षं मी त्यांच्यापाशी राहिले, आता त्यांनी यावं माझ्यामागे.”