खालच्या माणसाचे खांदे

तिला रंग कालवायला मी शिकवलं, हे आधीच सांगून टाकते. पुढची कित्येक वर्षं मी ते मनातल्या मनात जगाला सांगत होते.

नव्वदीच्या सुरुवातीला लग्न करून मी मस्कतला आले. नवरा इंजिनिअर, घर शहराच्या अल हैल भागात. मुंबईत पाच वर्षं चित्रकला शिकलेली मी, तिथल्या एका भारतीय शाळेत ड्रॉइंगची बाई झाले. शेजारच्या घरात माझ्याच वयाची एक ओमानी बाई राहायची. तिचा जन्म आफ्रिकेच्या किनाऱ्याजवळच्या झांझिबार बेटावरचा. ती लहान असताना घरचे सगळे ओमानला परतले होते. आईशी ती स्वाहिलीत बोलायची, माझ्याशी इंग्रजीत आणि सिनेमे बघून शिकलेल्या हिंदीत. बँकेत नोकरी करायची. एकदा माझ्याकडचे कॅनव्हास बघून म्हणाली, मलाही शिकव. मग दर शुक्रवारी सकाळी ती डबाभर मंदाझी, म्हणजे त्यांच्याकडचे तळलेले गोड पाव, घेऊन यायची. मला ‘म्वालिमू’ म्हणायची. म्हणजे आपल्याकडे शाळेत ‘बाई’ म्हणतात तसं.

मी तिला छायाप्रकाश शिकवला, अंतर दाखवायला शिकवलं. तिला ते काही जमेना. तिने काढलेली सुरई टेबलावर कधी बसलीच नाही, तरंगतच राहिली. खरं सांगायचं तर मला ते बरं वाटायचं.

दोनेक वर्षांनी ती मला तिच्या घरातल्या मागच्या खोलीत घेऊन गेली. आईला बैठकीत मूर्ती नको होत्या, म्हणून तिथे ठेवलेल्या पाच-सहा काळ्या लाकडी आकृत्या. एकेक आकृती एकाच ओंडक्यातून कोरलेली: माणसावर माणूस, त्याच्यावर आणखी एक, बाईची पाठ कुठे संपते आणि मुलाचा गाल कुठे सुरू होतो ते कळू नये. तिच्या वडिलांनी त्या आकृत्या ओमानमधल्याच सूर नावाच्या बंदरातल्या एका म्हाताऱ्या कारागिराकडून करून घेतल्या होत्या. आणि भिंतीला टेकून उभा होता तिचा नवा कॅनव्हास, पलंगाच्या चादरीएवढा. तीच माणसं, पण सपाट, काळी आणि गेरूच्या रंगातली, कडेला निळीची रेघ. छायाप्रकाश नावालाही नाही.

इतकं चांगलं चित्र मी कधी काढलं नव्हतं आणि काढणारही नव्हते, हे मला उभ्या उभ्या कळलं. मी म्हटलं, डाव्या बाजूचा निळा जरा भडक झालाय. तिने मान डोलावली आणि निळा तसाच ठेवला.

पुढच्या हिवाळ्यात शहरात तिचं प्रदर्शन भरलं. परदेशी पाहुणे चित्रांसमोर रेंगाळत होते. एक बाई मला म्हणाल्या, नव्वदेक वर्षांपूर्वी युरोपातल्या चित्रकारांनी आफ्रिकेतले मुखवटे बघून आपली चित्रं बदलली, ही मात्र आपल्या घरातलंच घेते आहे. ती कोपऱ्यातून मला सगळ्यांना दाखवत होती, ही माझी म्वालिमू. लोक माझ्याकडे बघून हसायचे आणि परत चित्रांकडे वळायचे.

तिथे एका इंग्रजी पेपरची बातमीदार होती. तिने सहज विचारलं, तुम्ही यांना जवळून ओळखता ना? मी म्हणाले, ओळखते की. ह्या आकृत्या सूरच्या एका कारागिराच्या आहेत, हिने नुसत्या कॅनव्हासवर उतरवल्या. त्याचं नाव इथे कुठे आहे का बघा.

यातलं एकही वाक्य खोटं नव्हतं. तरी ते बोलताना माझे कान तापले होते.

दोन दिवसांनी ते छापून आलं, ‘एका परिचित चित्रकर्तीच्या मते’ म्हणून. संध्याकाळी ती पेपर घेऊन दारात उभी राहिली.

“तू सांगितलंस?”

“हो.”

“बरोबर आहे ते. पण मला का नाही सांगितलंस?”

मी तिला आत ये म्हटलं. ती तशीच परत गेली. दोन शुक्रवार आली नाही. तिसऱ्या शुक्रवारी पहाटे बेल वाजली. म्हणाली, चल, सूरला जाऊ. त्या वेळी डोंगरांतून आतल्या रस्त्याने जावं लागे, चार तास.

म्हातारा गलबतं बांधायच्या आवारात सावलीला बसून एका नव्या गलबताच्या मागच्या फळीवर वेलबुट्टी कोरत होता. तरुणपणी तो आफ्रिकेच्या किनाऱ्यावरून असल्याच एका गलबतातून आला होता. तिने त्याच्यासमोर चित्रांचे फोटो मांडले, पेपरात काय आलंय तेही स्वाहिलीत सांगितलं. त्याने कपाळावरचा घाम पुसला. एकेक फोटो डोळ्यांजवळ धरला. मग एका फोटोवर बोट ठेवून काहीतरी म्हणाला. तिचा चेहरा उतरला.

“काय म्हणतात?” मी विचारलं.

“म्हणतात, खालच्या माणसाच्या खांद्यांवर वजनच नाही. वरची सगळी माणसं हवेत आहेत.”

वजन कसं दाखवायचं, तेच तर मी तिला दोन वर्षं शिकवत होते. मला इतका आनंद झाला की मी मान खाली घातली, तिला दिसू नये म्हणून.

मग म्हाताऱ्याने माझ्याबद्दल विचारलं. ही कुठली, हिच्याकडे काय बनवतात? मी सांगितलं, सावंतवाडीची. माझे वडील लाकडाची फळं करायचे, लाखेच्या रंगातली. आंबे, केळी, सीताफळं, मुलींची भातुकली. तो म्हणाला, दाखव. माझ्याकडे काहीच नव्हतं. मस्कतच्या घरात मी त्यातलं एक केळंसुद्धा आणलं नव्हतं. चित्रकार बाईच्या घरात खेळणी कशाला, असं मला वाटलं होतं. तिने हे त्याला स्वाहिलीत कसं सांगितलं, कोण जाणे. तो पुन्हा फळीकडे वळला.

परतताना तिने खांद्यांबद्दल विचारलं आणि मी सांगितलं. गाडीतच, पेपराच्या कडेला पेनने काढून दाखवलं. मान कुठे दबते, पाठीचा कणा कुठे वाकतो. मला लपवता आलं असतं. का लपवलं नाही, ते मला अजून नीट सांगता येत नाही.

दोन वर्षांनी तिचं दुसरं प्रदर्शन झालं. चित्रांशेजारी त्याच्या आकृत्या होत्या आणि चिठ्ठीवर तिच्या नावाइतक्याच मोठ्या अक्षरांत त्याचं नाव. तो स्वतः आला होता, धुतलेल्या पांढऱ्या दिशदाशात, तिथल्या पुरुषांच्या पायघोळ झग्यात. लोक त्याला विचारत होते, यातलं जुनं काय आणि नवं काय? तो म्हणाला, हे बायकोच्या आजारपणात केलं, ते त्याच्या आधी. खालच्या माणसांचे खांदे आता वाकलेले होते. चित्रं पहिल्यापेक्षाही चांगली झाली होती.

मी शाळेच्या उन्हाळी सुट्टीत सावंतवाडीहून लाखेची फळं आणली, ती समोर ठेवून वर्षभर चित्रं काढली. आंबा आंब्यासारखाच दिसायचा, कॅलेंडरवरच्या. वडील गेले होते, विचारायला कोणी नव्हतं.

दोन हजार सालानंतर काही वर्षांनी आम्ही पुण्याला परतलो. तिची चित्रं आता बऱ्याच देशांत लागतात. प्रत्येक प्रदर्शनाचं पत्र ती मला पाठवते, आत चित्रांचे फोटो घालून, वर ‘म्वालिमू’ लिहून. मी ते लगेच उघडत नाही. आधी चहा टाकते, ओटा पुसते, मग उघडते आणि चष्मा लावून प्रत्येक चित्रात काही चुकलंय का ते शोधते.